कुठे अडलात ते दाखवा

“मॅडम, व्हिडिओ सगळे बघितले, समजलंसुद्धा, फक्त गणितं तेवढी सुटत नाहीत.” आज सकाळपासून हे वाक्य मी तुमच्यातल्या अनेकांच्या तोंडून ऐकलं. तर आधी या वाक्याचाच निकाल लावू. गणित सुटत नसेल तर समजलेलं नाही. भौतिकशास्त्रात समजल्याची दुसरी कुठली खूण नसते. न्यूटनचा दुसरा नियम तुम्ही सगळे झोपेतही म्हणून दाखवाल. पण कधी न पाहिलेल्या प्रसंगात तो कशाला लावायचा आणि कोणत्या दिशेने लावायचा, हे ज्याला स्वतःचं स्वतः ठरवता येतं, त्यालाच तो कळला असं मी म्हणेन. “गणितं तेवढी” म्हणता, पण तेवढंच तर शिकायचं होतं.

मागच्या संपर्क सत्रात मी पाच गणितं दिली होती. मध्ये अख्खा महिना गेला. आत्ता वह्या पाहिल्या. काहींच्या वहीत प्रश्नसुद्धा उतरलेला नाही. काहींनी “दिलेले” आणि “काढायचे” असे दोन मथळे घातले आणि पेन ठेवून दिलं. ज्यांची पाचही गणितं पूर्ण आहेत, त्यांच्या पायऱ्या एकमेकांशी अक्षरशः जुळतात. चौथ्या गणितातली वजाबाकीची चूकही सगळ्यांची तीच. ग्रुपवर कुणीतरी एकाने फोटो टाकला आणि बाकीच्यांनी तो उतरवला, एवढाच याचा अर्थ. मला सगळ्यात जास्त राग या उतरवलेल्या वह्यांचा आला. ज्याने काहीच केलं नाही त्याला आज कामाला लावता येईल. ज्याने उतरवलं त्याची समजूत झाली आहे की काम झालं.

आपल्या अभ्यासक्रमाची रचना कशासाठी आहे, हे तुम्ही कधी नीट विचारात घेतलंत का? जे एकट्याने होतं ते घरी करायचं. अभ्यासपुस्तक वाचणं, सूत्र कुठून आलं ते पाहणं, व्हिडिओ थांबवत थांबवत बघणं, आणि बघून झाल्यावर गणिताला हात घालून कुठेतरी अडणं. जे एकट्याने होत नाही त्यासाठी हे केंद्र आणि हा रविवार. अडलेलं गणित फळ्यावर मांडणं, शेजाऱ्याशी वाद घालणं, आपली चुकीची समजूत चारचौघांत उघडी पडू देणं, प्रयोगाला हात लावणं. घर आणि केंद्र यांची अशी सांगड घालायची, म्हणून तिला मिश्र पद्धत म्हणतात. तुम्ही तिची उलटापालट केली आहे. इथे येऊन म्हणता, “मॅडम, चॅप्टर एकदा समजावून सांगा, आयएमपी सांगा, नोट्स द्या.” म्हणजे जे घरी फुकट मिळतं ते माझ्याकडून पुन्हा ऐकायचं, आणि ज्याला माणूस लागतो ते काम घरी एकट्याने, तेही व्हिडिओतल्या सोडवलेल्या उदाहरणावरून, उरकून टाकायचं. मग दोन्ही ठिकाणी वेळ वाया जातो.

व्हिडिओत गणित सोडवणाऱ्या माणसाला उत्तर आधीपासून माहीत असतं. कोणती वस्तू विचारात घ्यायची, अक्ष कुठे धरायचे, कोणता नियम लावायचा आणि कोणता बाजूला ठेवायचा, हे सगळं त्याने कॅमेरा सुरू होण्याआधी ठरवलेलं असतं. गणिताचा अवघड भाग तोच. तुमच्या वाट्याला येते ती पुढची बीजगणिताची सरळ वाट. ती पाहताना प्रत्येक पायरी पटते, मान डोलते, आणि वाटतं की आपल्यालाही हे येतं. हा भास फक्त तुम्हालाच होतो असं नाही. हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला गुळगुळीत, सुरेख व्याख्यान दिलं. दुसऱ्या गटाला तोच भाग गटागटाने प्रश्न सोडवायला लावून शिकवला. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं की आपण जास्त शिकलो. परीक्षेत जास्त गुण मिळाले ते प्रश्नांशी झगडणाऱ्यांना, ज्यांना स्वतःला वाटत होतं की आपल्याला कमी कळलं. म्हणून “समजलं” ही तुमची भावना मी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही. कागद दाखवा.

आता तुमचं तिसरं गणित घ्या. ६० किलो वस्तुमानाचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट खाली येत असून तिचा वेग दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंदाने कमी होत आहे. काटा किती बल दाखवेल? वर्गातल्या बहुतेकांचं उत्तर ४६८ न्यूटन. ९.८ मधून २ वजा केले, ७.८ ला ६० ने गुणलं. वजाबाकी का केली, असं विचारल्यावर उत्तर आलं, “लिफ्ट खाली येतेय ना, मॅडम.” तुम्ही “खाली” हा शब्द वाचला आणि वाचणं तिथेच थांबवलंत. लिफ्ट खाली येत आहे, पण मंदावत आहे. वेग खालच्या दिशेने आणि तो कमी होतोय, म्हणजे त्वरण वरच्या दिशेने. माणसावर दोनच बलं: खाली ५८८ न्यूटन वजन आणि वर काट्याचं बल. त्वरण वर असेल तर वरचं बल मोठं असलंच पाहिजे. उत्तर ६० गुणिले ११.८, म्हणजे ७०८ न्यूटन. यात तुम्हाला न येणारी एकही आकडेमोड नाही. चुकलात ते पेन उचलण्याआधीच, कारण माणूस काढला नाही, त्याच्यावरचे दोन बाण काढले नाहीत, त्वरणाचा बाण शेजारी वेगळा काढला नाही. फ्री बॉडी डायग्राम ही पेपर तपासणाऱ्याला खूश करण्याची सजावट आहे असं तुम्हाला वाटतं. तो काढला असता तर ४६८ लिहायला तुमचा हात धजलाच नसता.

पाचव्या गणितावर तर ग्रुपमध्ये चर्चा झाली की प्रश्नच चुकीचा छापलाय. ५ मीटर उंचीवरून घर्षणरहित वक्र घसरगुंडीवरून एक ठोकळा सुटतो. तळाशी त्याचा वेग किती? तुमची तक्रार अशी की वस्तुमान दिलेलं नाही, उताराचा कोनही दिलेला नाही. कारण उतार दिसला की तुमच्या डोक्यात कोनाची साइन आणि ठरलेली तीन समीकरणं येतात. उतार वळणाचा आहे, त्वरण क्षणोक्षणी बदलतंय, ती समीकरणं इथे लागूच होत नाहीत, हा विचार एकाच्याही कागदावर नाही. ऊर्जेचा हिशेब मांडा. वरची स्थितिज ऊर्जा तळाशी गतिज होते, वस्तुमान दोन्हीकडे असल्यामुळे उडून जातं, आणि वेग येतो दोन गुणिले ९.८ गुणिले ५ याचं वर्गमूळ, म्हणजे ९.९ मीटर प्रति सेकंद. दोन ओळी. वस्तुमान दिलं नव्हतं ते त्याची गरज नव्हती म्हणून. “हे का दिलं नसेल?” असा प्रश्न पडला असता तर तुम्ही उत्तराच्या निम्म्या वाटेवर होतात.

अमेरिकेत मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवली. त्यांनी नवशिक्यांना आणि भौतिकशास्त्रात मुरलेल्यांना गणितांचे गट करायला सांगितले. नवशिक्यांनी उतरणीची गणितं एका गटात, कप्पीची दुसऱ्या, स्प्रिंगची तिसऱ्या गटात टाकली. मुरलेल्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेची एकत्र केली, न्यूटनच्या नियमांची एकत्र केली. चित्रात उतार आहे की स्प्रिंग, याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. तुम्ही आज कोणत्या बाजूला बसला आहात ते तुमच्या वह्यांवरून दिसतंय. त्या बाजूला जन्मभर बसून राहायला तुम्ही इथे नाव घातलेलं नाही.

उत्तर आल्यावर त्याच्याकडे परत पाहायचं असतं, हेही मी किती वेळा सांगायचं? जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ सालच्या पुस्तकात गणित सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, तो पार पाडा, मागे वळून पाहा. तुम्ही पहिली, दुसरी आणि चौथी गाळून फक्त तिसरी करता. पृथ्वीलगत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग एकाने लिहिलाय २५० मीटर प्रति सेकंद. त्रिज्या ६४०० किलोमीटर होती, ती मीटरमध्ये न करता तशीच घातली. चूक होऊ शकते, त्याचं मला काही वाटत नाही. पण २५० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ९०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाणारं प्रवासी विमान साधारण याच वेगाने उडतं. ते पृथ्वीभोवती उपग्रह होऊन फिरत राहतं का? उत्तराखाली दोन रेघा मारताना हा प्रश्न स्वतःला विचारायला दहा सेकंद लागले असते. खरं उत्तर सेकंदाला ७.९ किलोमीटर.

प्रश्नाचा फोटो काढला की फोनवर पूर्ण उत्तर येतं, हे मला ठाऊक आहे. ते वापरू नका असं मी म्हणत नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही आणि पुढे कामाच्या जागीही ते तुमच्या हाताशी असणार आहे. माझी अट एवढीच की आधी अर्धा तास तुमचं स्वतःचं डोकं कागदावर दिसलं पाहिजे. आकृती, बाण, निवडलेला नियम, तो का निवडला याची एक ओळ, आणि जिथे गाडी अडली तिथे मोठं प्रश्नचिन्ह. त्यानंतर खुशाल उत्तर बघा आणि तुमच्या प्रश्नचिन्हाशी ताडून पाहा. अडण्याआधी पाहिलेलं उत्तर डोक्यात राहत नाही. अडल्यावर पाहिलेलं राहतं, कारण ते नेमकं कुठे बसतं ते तेव्हा तुम्हाला माहीत असतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊन परीक्षा हॉलमध्ये काय करणार आहात? तिथे ओंजळ तुमची एकट्याची असेल.

आता जर्नल. लंबकाचा प्रयोग घरी करायला सांगितला होता. दोरा, दगड आणि फोनमधलं स्टॉपवॉच, एवढंच सामान. सगळ्यांच्या जर्नलमध्ये गुरुत्व त्वरण ९.८१! सगळ्यांच्या दोऱ्याची लांबी बरोबर एक मीटर, सगळ्यांचा आवर्तकाल जुळलेला. ही जर्नलं मी सही न करता परत देत आहे. कोणत्याही घरात दोऱ्यावर बांधलेल्या दगडाने पहिल्या खेपेला ९.८१ येत नाही, आणि तसं न येण्यातच हा प्रयोग शिकवतो. दगड सोडताक्षणी “एक” म्हटलंत तर “वीस” म्हणेपर्यंत एकोणीसच दोलनं होतात. मीटरभर लांबीला वीस दोलनांना चाळीस सेकंद लागायला हवेत, तुम्हाला अडतीस मिळतात आणि उत्तर येतं १०.९ च्या आसपास. मोजणी शून्यापासून का सुरू करायची, हे ज्याचं उत्तर १०.९ आलं आणि ज्याने ते का आलं याचा माग काढला, तो कधी विसरणार नाही. लांबी गाठीपर्यंत मोजली आणि दगडाच्या मध्यापर्यंतचे दोन सेंटिमीटर राहून गेले, तर ९.६ येतं. माझ्याकडे १०.९ आणि ९.६ घेऊन या, खाली कारण लिहा, मी पूर्ण गुण देईन. खोट्या ९.८१ ला शून्य. पुस्तकातून उतरवलेलं निरीक्षण हा खोटेपणा आहे. विज्ञानाच्या पदवीसाठी बसलेल्या माणसाने तो करावा याचं मला दुःख होतं.

साधनं नाहीत ही सबब मी ऐकून घेणार नाही. ब्रिटनमध्ये मुक्त विद्यापीठाचे पहिले वर्ग १९७१ साली सुरू झाले तेव्हा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी करायच्या प्रयोगांच्या पेट्या पोहोचवल्या जात. माणसं दिवसाची नोकरी करून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रयोग करत. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्वरणमापक आहे. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं फायफॉक्स नावाचं ॲप फुकट मिळतं. ते सुरू करून फोन सपाट धरा आणि लिफ्टमध्ये उभे राहा. स्थिर असताना आकडा ९.८ च्या जवळ असेल. खाली निघताना तो घसरेल, मध्ये एकसारख्या वेगात असताना परत ९.८ वर येईल, आणि तळमजल्यावर थांबताना ९.८ च्या वर चढेल. ज्याने हा आलेख एकदा स्वतःच्या हातात पाहिला, तो “खाली म्हणजे वजाबाकी” असं पुन्हा म्हणेल का? वक्र घसरगुंडीसाठी कोलोराडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स आहेत. नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला आणि त्यातली काही मराठीतही आहेत. तिथे स्केटिंग करणाऱ्याचं वस्तुमान दुप्पट करा आणि तळाचा वेग बदलतो का ते बघा. पण बटणं दाबण्याआधी काय होईल ते कागदावर लिहा. अंदाज न बांधता केलेलं सिम्युलेशन हा नुसता खेळ होतो.

नोकरी आहे, घर आहे, शिफ्ट आहे. ते मला दिसतं. तुमच्यातली एक जण रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट इथे येते. एक जण तान्ह्या मुलाला सासूकडे ठेवून दोन एसट्या बदलून येतो. अशा माणसांचा रविवार मौल्यवान आहे, म्हणूनच तो नोट्स उतरवण्यात घालवलेला मला सहन होत नाही. आणि वेळ नाही म्हणता तेव्हा तुम्ही ज्या वेळात चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवता, त्याच वेळात एक गणित होतं. दिवसाला एक. मला पाच नकोत. महिन्याला तीस होतील, आणि त्यातली वीस अर्धवट राहिली तरी चालतील, कारण ती अर्धवट वीस आपण इथे बसून पूर्ण करू.

केंद्रावरच्या माझ्या सहकारी समंत्रकांनाही हे ऐकू जावं असं मला वाटतं. संपर्क सत्रात स्लाइड वाचून दाखवणं म्हणजे विद्यार्थ्यांच्या एसटी भाड्याचा अपमान आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. संकल्पनांच्या चाचणीत सुरुवातीला जेवढं कमी पडत होतं, त्यातलं केवळ व्याख्यानं ऐकून सरासरी २३ टक्के भरून निघालं. जिथे विद्यार्थ्यांना विचार करायला, बोलायला, सोडवायला लावलं तिथे ४८ टक्के. पंचवीसहून जास्त वर्षं ही आकडेवारी आपल्यासमोर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये मिश्र पद्धतीचा मसुदा काढला तेव्हापासून हा शब्द प्रत्येक परिपत्रकात दिसतो. दुवे पाठवले आणि हजेरी घेतली की ती पद्धत राबवली असं समजणाऱ्यांना विद्यार्थ्यांवर रागावण्याचा अधिकार नाही.

मुक्त विद्यापीठाची विज्ञानाची पदवी दुय्यम असते, असं लोक बोलतात. तुमच्या तोंडावर बोलतात, माझ्याही. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभं राहिलं ते ज्यांच्या वाट्याला नियमित महाविद्यालय आलं नाही त्यांना शिकता यावं म्हणून, हलकं शिक्षण वाटण्यासाठी नव्हे. तुमच्यातला प्रत्येक जण गणित सोडवू शकतो, हे मी मनापासून मानते. मानत नसते तर या वह्यांवर एवढा जीव जाळला नसता, सरळ सह्या केल्या असत्या आणि घरी गेले असते. पण लोकांच्या त्या बोलण्याला खोटं ठरवणं माझ्या हातात नाही. मुलाखतीत कुणी साधं लिफ्टचं गणित विचारलं आणि तुम्ही ४६८ म्हणालात, तर मी तिथे नसेन.

तर आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय करायचं ते ऐका. चौघाचौघांचे गट करा, उतरवलेली वही जिथल्या तिथे मिटा आणि पाचही गणितं नव्याने मांडा. सुटली नाहीत तरी हरकत नाही. प्रत्येक गटाने फळ्यावर येऊन आपण कुठे अडलो ते दाखवायचं, उत्तर सांगायचं नाही. पुढच्या सत्राला येताना प्रत्येकाच्या कागदावर किमान तीन प्रश्नचिन्हं असली पाहिजेत, आणि लंबकाची खरी निरीक्षणं, जी काही आली असतील ती. ज्याच्याकडे नसतील त्याने मागच्या खोलीत बसून आधी ती तयार करायची, मग वर्गात यायचं. पहिलं गणित घ्या. आकृतीपासून सुरू करा.